प्लास्टिकची हिरवळ

पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून हौसाबाई प्लास्टिकच्या हिरवळीवर पाणी मारत होती.

चौदा वर्षं तिने या वॉटर पार्कातली खरी हिरवळ खुरपली. नूतनीकरणात ती उखडून ही अंथरली, तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, "मावशी, आता ना खुरपायचं, ना पाणी घालायचं. उद्यापासून येऊ नका." मे महिन्याच्या उन्हात अनवाणी पोरांचे पाय पोळले, तक्रारी आल्या आणि मावशींना बोलावणं धाडावं लागलं.

"दर तासाला मारा," आज तो नजर चुकवत म्हणाला.

दोन पट्ट्यांच्या जोडातून हरळीचं एक पातं वर आलं होतं. सवयीने तिचा हात कमरेच्या खुरप्याकडे गेला. मग तिने पाइपच तिकडे वळवला.

"पी गं पोटभर," ती म्हणाली. "मलाबी उपटून टाकलं हुतं."