पहिल्या महिन्याची भिशी

स्टीलचा डबा. बारा चिठ्ठ्या. साबुदाण्याची खिचडी. आयर्लंडमधल्या विद्यापीठाचं पत्र: शुक्रवारपर्यंत पहिला हप्ता भरला नाही, तर मुलीची जागा गेली.

बारा जणींच्या भिशीचा हा पहिला महिना. जिनं तिनं आपल्या नावाची चिठ्ठी टाकायची. जिची निघेल, तिला सगळी रक्कम. कुमुदनं देवाचं नाव घेत आपली टाकली. आज नंबर लागला तरच हप्ता भरता येणार होता; पण कुणापुढं हात पसरणं तिच्या स्वभावात नव्हतं.

शबानाभाभींनी डबा हलवला, एक चिठ्ठी उघडली. "कुमुद!"

कुमुदचे डोळे भरून आले. मग तिची नजर चिठ्ठीवर अडखळली. "अगं, हे अक्षर माझं नाही!"

तिनं डबा उपडा केला. बाराही चिठ्ठ्यांवर कुमुदच.

"अगं मेले, तू पण?"

"मला वाटलं, मी एकटीच लबाडी करतेय!"

टाळ्या देत सगळ्या हसत सुटल्या. मालतीबाईंनी मात्र खिचडीच्या बशीत तोंड लपवलं.

पत्राची गोष्ट कुमुदनं सोमवारी फक्त मालतीबाईंना सांगितली होती, कुणाला न सांगण्याच्या अटीवर.