तेलाचा लाल दिवा

खरांगण्याच्या अलीकडे, चढ संपता संपता, स्टेअरिंगसमोरचा लाल दिवा लागला आणि माणिकनं मोटार रस्त्याच्या कडेला घेतली.

"काऊन थांबवली?" शेजारी बसलेल्या रुख्माबाईंनी विचारलं.

"तेलाचा दिवा लागला, माय. इंजिनात तेल फिरून नाई राह्यलं."

"थांबून कसं चालन? नाना वाट पाहून राह्यला असन."

नाना म्हणजे रुख्माबाईंचा धाकटा भाऊ. सेवाग्रामच्या दवाखान्यात होता. सकाळी आष्टीच्या शाळेत फोन आला, ताईला घेऊन या, सारखं तिचंच नाव घेतो आहे. माणिक त्या शाळेत विज्ञान शिकवायचा. तास अर्धवट सोडून तो आईला घेऊन निघाला होता.

मोटार त्यानं लिलावात घेतली होती, भंगाराच्या भावानं. सुट्ट्यांमध्ये नट अन् नट उघडून तिला अशी तयार केली होती, की आर्वीचे टॅक्सीवालेही मान वळवून बघत. हेड घासून घेतलं, मोठा कार्बोरेटर बसवला. मूळच्या इंजिनातून दीडपट ताकद काढली होती त्यानं. म्हणूनच तो दिवा दिसताच त्यानं इंजिन बंद केलं होतं. बेअरिंग गेलं असेल, तर आणखी कोसभर चालवली की इंजिन जाम.

बॉनेट उघडून त्यानं तेलाची पट्टी काढली. तेल पुरेपूर होतं. इंजिन परत चालू करून कान लावला. कुठं खडखड नाही. म्हणजे एक तर पंप तेलाला दाब देत नव्हता, नाही तर दाब कळवणारा तो अंगठ्याएवढा स्विच खोटं बोलत होता. काढून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि लोखंड इतकं तापलेलं की हात लावता येईना.

तेवढ्यात मागून वर्ध्याची एस्टी आली. माणिक काही बोलायच्या आत रुख्माबाई खाली उतरल्या आणि हात केला. एस्टी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"या माय, जागा हाये."

एक पाय पायरीवर ठेवून रुख्माबाईंनी मागं पाहिलं. "जाऊ का रे मी?"

"कायले?" माणिक बॉनेटवरून म्हणाला. "ते गावोगावी थांबत जाते. आपन नदीच्या पुलाच्या आंधीच गाठतो तिले."

"तू मांगून ये नं. मी होतो पुढं."

"इतकाई भरोसा नाई का तुले माह्यावर?"

हे तो जरा मोठ्यानंच बोलला. एस्टीतली माणसं बघत होती.

रुख्माबाईंनी पाय खाली घेतला. कंडक्टरनं घंटी ओढली.

इंजिन निवेपर्यंत त्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग माणिकनं पान्यानं स्विच काढला, आईला आत बसवलं आणि किल्ली कशी फिरवायची ते दाखवलं. "मी म्हनलं का फिरवजो."

त्यांनी किल्ली फिरवली. स्विचच्या भोकातून तेलाची काळी पिचकारी उडाली, त्याच्या मनगटापर्यंत, सदऱ्यावर. माणिक हसला. खरंच हसला, पोरासारखा.

"दाब हाये, माय! इंजिनाले काईच नाई झालं! निसता स्विच खराब हाये!"

रुख्माबाईंचा हात अजून किल्लीवरच होता. "मंग चाल," त्या म्हणाल्या.

स्विच परत बसवताना आटे धड लागेनात, त्यात आणखी वेळ गेला. शेवटी स्विच घट्ट बसला, तेव्हा त्यानं त्याची तार काढून बाजूला बांधून टाकली. दिवा विझला. मोटार त्यानंतर अशी पळाली, की याआधी कधी तशी पळाली नव्हती. पण पुलाशी एस्टी दिसली नाही. पुढच्या गावातही दिसली नाही. वर्ध्याच्या स्टँडवर ती रिकामी उभी होती आणि ड्रायव्हर टपरीवर बशीतून चहा पीत होता. माणिकनं तिकडे पाहिलं. रुख्माबाईंनीही पाहिलं. मोटार तशीच सेवाग्रामच्या रस्त्याला लागली.

दवाखान्यात नानाच्या खाटेशी त्याची बायको मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसली होती. नणंदेला बघून ती उठली नाही.

"आत्ताच गेले, अक्काजी. आत्ता, आत्ता. दारातून कोनी आलं का डोळे उघडत. ताई आली का, म्हनत."

रुख्माबाई उशाशी बसल्या. भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "आंग गरम हाये अजून," त्या म्हणाल्या.

"इतका उशीर कसा झाला तुमाले?"

माणिकनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी रुख्माबाईच बोलल्या. "एस्टी भेटली नाई, बाई."

माणिक खाटेच्या पायथ्याशी आला. मामाच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला, पाय धरायला हात पुढं केले, आणि ते तसेच अधांतरी थांबले. नखांपासून मनगटापर्यंत ते काळे होते.

"हात धुऊन येतो," तो पुटपुटला.

रुख्माबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता.

"जाय," त्या म्हणाल्या. "नीट घासून धुऊन ये. आता कायची घाई हाये."