बुधवारचा उपास

मनकर्णाने एकवीस पत्रावळी मांडल्या आणि वारा होता म्हणून प्रत्येकीवर एकेक गोटा ठेवला. अर्ध्या पत्रावळी सावलीत होत्या, अर्ध्या उन्हात. सकाळपासून घरावर अर्धीच टिनं चढली होती.

वादळाला अठरा दिवस झाले होते. उडालेली छपरं सगळ्यांनी मिळून श्रमदानाने बसवायची, आणि ज्याच्या घरावर काम त्याच्याच घरचं जेवण, असं गावाने ठरवलं होतं. सतरा घरं झाली. सतराही घरांवर टिनं ठोकणारा मिस्त्री मनकर्णाचा नवरा देवरावच. बौद्ध मोहल्ल्यात बाकीच्यांना स्लॅब होते, उडालं ते एक त्याचंच घर. त्याची पाळी शेवटी आली. तोवर सून नीलम सव्वा महिन्याच्या लेकराला घेऊन विहारात राहत होती.

सतरा दिवस देवराव पंगतीत शेवटी बसला. पत्रावळी सगळ्यांनाच होत्या, त्यामुळे त्याचं ताट वेगळं ठेवा असं कोणाला बोलावं लागलं नाही.

"चला, हात धुवा," तो शिडीवरून उतरत म्हणाला.

माणसं उतरली. ड्रमवर हात धुतले. मग तिथेच उभी राहिली. किसनरावने दुपट्ट्याला हात पुसले, पुसून झाल्यावरही तो पुसत राहिला.

"आमचं राहू दे, देवराव. मले आज उपास हाय."

"आज? बुधवारी?"

"गनपतीचा."

खुशालराव टिनांच्या थप्पीकडे पाहत म्हणाला, "माहा बी हाय."

मग प्रीतमचा निघाला. मग त्याच्या काकाचा. वीसही जणांना एकाच दिवशी उपास निघाला.

मनकर्णा रोडग्यांची टोपली कमरेवर घेऊन दारात उभी होती. पहाटेपासून गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे. वांग्याच्या भाजीचा गंज मागे चुलीवर होता.

"काल सांगाचं होतं ना भाऊ," ती म्हणाली. "साबुदाना भिजू टाकला असता."



"मांगच्या बुधवारी तुमच्याच घरावर होतो आपन," देवराव किसनरावला म्हणाला. "माह्या समोर पाच रोडगे खाल्ले तुमी."

"तवा ध्यानात नाही राह्यलं."

"बरं."

किसनराव जवळ आला. आवाज उतरवून म्हणाला, "जेवनाचं काय घेऊन बसला, देवराव? छप्पर तर टाकून देऊन राहिलो ना. तुह्यं नाव यादीत घाला म्हनून मीच अडून बसलो होतो. लोकं काय बोलत होते, तुले मालूम नाही."

ते खरं होतं. आणि साठीचा किसनराव सकाळपासून डोक्यावर टिनं वाहत होता, तेही खरं होतं.

देवरावने वर पाहिलं. नदीच्या बाजूने अभ्र चढत होतं. मग त्याने प्रीतमकडे पाहिलं. कामाच्या तिसऱ्या दिवशी हाच प्रीतम उपाशीपोटी भर उन्हात वर चढला होता. तापलेल्या टिनावर चक्कर येऊन घसरत कडेपर्यंत गेला, तिथे देवरावने त्याला पायाला धरून ओढलं. त्या दिवसापासून नियमच झाला होता. कोणाच्याही घरी दुपारच्या जेवणानंतर देवराव एकेकाला विचारायचा, जेवला का, आणि मगच शिडी धरायचा.

"मंग आता वर जाऊ नका," तो म्हणाला. "उपाशी मानूस टिनावर नको."

"मी घरून दोन घास खाऊन येतो ना पटकन," प्रीतम म्हणाला.

"तुले उपास हाय ना?"

प्रीतम खाली पाहू लागला. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"येडेपना करू नको," किसनराव म्हणाला. "सांजच्याले पानी येते. तुह्या घरची बाळंतीन अजून विहारात हाय."

"हाय."

"एकट्याच्यानं टिन चढत नाही, तुलेच मालूम हाय."

"मालूम हाय."

देवरावने शिडी भिंतीपासून काढली आणि अंगणात आडवी करून ठेवली. ती ओलांडून माणसं एकेक करून निघाली. शेवटी निघालेला खुशालराव आपला हातोडा तिथेच ठेवून गेला. तेवढं तरी त्याला करावंसं वाटलं असेल.

देवराव पंगतीच्या शेवटच्या पत्रावळीवर येऊन बसला. ती उन्हात होती. मनकर्णाने तिच्यावरचा गोटा काढला, रोडगा फोडून वाढला, वर वरण घातलं, भाजी वाढली. तो जेवू लागला.

"नीलमले काय सांगू?" तिने विचारलं.

त्याने रोडग्याचा पुढचा तुकडा मोडला.

मनकर्णा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि वाकून एकेका पत्रावळीवरचा गोटा उचलू लागली. उचललेला गोटा ओच्यात टाकायची आणि पुढे सरकायची. तिच्या मागे पहिली पत्रावळ हलली, उलटी झाली, फाटकातून बाहेर गेली. मग दुसरी. मग चार-पाच एकदम उडाल्या आणि गल्लीतून गावाकडे निघाल्या, माणसं गेली त्याच वाटेने.

देवराव अर्धा उठला.

"जेवा तुमी," ती म्हणाली. "पाहुन्याइले घरापरेंत पोचवून येतीन त्या."