मनाचे डॉक्टर बंदरावर

एकवीरा आईची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा!

मनाचे डॉक्टर बंदरावर आले ते नेमके भर मोसमात, एक सोडून सगळ्या होड्या समुद्रात असताना. किनाऱ्यावर पुरुष एकटाच, पोशा तांडेल, अन् होडीही एकटीच, त्याची. भाऊ डोळ्यांदेखत बुडाल्यापासून पाणी दिसलं की त्याला कापरं भरायचं.

“जावा की, बोला त्यांच्याशी,” बायको चांगुणा म्हणाली.

“त्या उघड्या मंडपात? साऱ्या बाजारासमोर?”

तोच एक मासळीवाली ओरडली, “डॉक्टर, आमच्या तांडेलाला पाण्याचं भ्या वाटतंय, त्याला घ्या आधी!” बायका फिदीफिदी हसल्या. पोशानं तडक होडी पाण्यात लोटली.

संध्याकाळी परतला, तो होडीएवढा घोळ मासा घेऊन. चांगुणाच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडला.

शपथ घेतलीय म्हणून सांगते, आली ती नुसती होडी. तो परतला, हे तेवढं माझ्या पदरचं.