चकाचक

आखाती देशातल्या समैस्मा गावातल्या एका व्हिलात, मालकाच्या रोमन नाण्यांसाठी निवृत्ती सुताराने काचेचं कपाट केलं. "पाहुणे येतायत, सगळं चकाचक पाहिजे," असं मॅनेजर जॉनसन सांगून गेला. मग निवृत्तीने गावाकडे देव घासतात तशी ती हिरवी पडलेली काशाची नाणीही लिंबू-मीठ लावून लख्ख घासली.

संध्याकाळी जॉनसनचं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, राजाने लढाई जिंकली म्हणून पाडलेली नाणी आहेत ही! दोन हजार वर्षांचा हिरवा थर होता त्यांच्यावर!"

पाच महिने सुट्टीच्या अर्जावर जॉनसनकडून नुसतं 'इन्शाल्ला, देवाची मर्जी' ऐकून निवृत्ती आतून धुमसत होता. तरी सवयीने तो हात मागे बांधून, मान खाली घालून उभा राहिला. समोरच्या नाण्यावर आता एक माणूस स्पष्ट दिसत होता. खजुराच्या झाडाखाली बसलेला, मान खाली घातलेला. त्याचेही हात मागे बांधलेले.

"साहेब, हा कोण?"

"असेल कुणीतरी हरलेला कैदी! त्याला कोण विचारतंय? किंमत त्या थराला होती. आता सुट्टी विसर. खलास!"



निवृत्तीने हात सोडले आणि कपाटाची किल्ली जॉनसनपुढे आपटली, "त्याचे हात दुसऱ्यांनी बांधले होते साहेब, माझे मीच बांधून उभा होतो."