पाच बोटं शेपूट

काचबिंदूनं बाबांची नजर जवळजवळ गेली, त्याच वर्षी नुसत्या डोळ्यांनी दिसणारा धूमकेतू आला. एरवी मी त्यांना फक्त रविवारी फोन करायची. आता त्यांनी मला कामच लावून दिलं: रोज संध्याकाळी गच्चीवर जायचं, हात लांब करून धूमकेतूचं शेपूट बोटांनी मोजायचं आणि लगेच फोनवर सांगायचं.

"आज किती?"

"तीन बोटं, बाबा."

"तुझी की माझी? तुझी बोटं म्हणजे काड्या."

चार दिवस मी गच्चीवर गेले. मग ऑफिसातल्या खुर्चीतूनच सांगू लागले, आज चार, आज पाच. ते खूश होऊन अर्धा अर्धा तास बोलत राहायचे.

ते गेल्यावर त्यांची नोंदवही उघडली. जाड पेनानं, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत माझा दोन महिन्यांचा प्रत्येक आकडा तारखेसह लिहिलेला होता. दुसऱ्याच आठवड्यातल्या एका आकड्याखाली मात्र आणखी तीन ओळी होत्या.


"रेडिओवर सांगितलं, धूमकेतू आजपासून सूर्याआड, कुणालाच दिसणार नाही. लेक पाच बोटं म्हणाली. तिला टोकायचं नाही, नाहीतर फोन यायचा बंद होईल."