विचारत विचारत वेराक्रुझ

घंटा दाबायला तोमासाने बोट उचललं आणि चोनाने तिचं मनगट धरलं.

"थांब जरा. तीन जिने चढलोय. धापा टाकत आत गेलो तर तुझा लेक म्हणेल, म्हाताऱ्या झाल्या."

"झालोच आहोत की. तू जरा जास्त."

चोना हसली नाही. या दारापर्यंतच दोघींची सोबत होती. तोमासा आता लेकाकडे राहणार, कायमची. चोना गावी परत जाणार, एकटी.

तोमासाने घंटा दाबली.

एफ्रेनने दार उघडलं आणि तो बघतच राहिला. डोंगरातल्या गावाहून वेराक्रुझ बसने पाच तासांवर. आई फेब्रुवारीत निघाली होती. आज सप्टेंबर. उन्हाने रापून ती कोळसा झाली होती आणि डोक्यावर गुराख्याची भलीमोठी टोपी होती.

"आई! सात महिने होतीस कुठे? पार उत्तरेच्या चिवावाहून फोन करतेस आणि म्हणतेस, जवळच आलोय!"

"रस्ता चुकलो रे. विचारत विचारत आलो."

आता आमच्या मेक्सिकोत रस्ता विचारला आणि समोरचा 'माहीत नाही' म्हणाला, असं कधी झालंय? ते म्हणजे तहानलेल्याला पाणी नाकारणं. माहीत असो नसो, माणूस हात लांब करतो आणि वाट दाखवतो. दुरांगोत एका जोडप्यातल्या नवऱ्याने उजवीकडे दाखवलं, बायकोने डावीकडे. दोघांचाही मान राखायचा म्हणून या दोघी सरळ गेल्या आणि थेट वाळवंटात पोचल्या. तिथे ऊन असं की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालत होत्या. झाकातेकासचा एक भला माणूस तर म्हाताऱ्या चुकू नयेत म्हणून चार दिवस सोबत चालला. शेवटी त्याची बायको त्याला शोधत आली. तिहुआनात एका न्हाव्याने 'असंच पुढे' सांगितलं, पण पुढे देशच संपला होता, म्हणून या वळल्या. नाहीतर उत्तर ध्रुवावर वेराक्रुझ शोधत बसल्या असत्या.

एफ्रेनने कपाळाला हात लावला. मग त्याने आईला तिची खोली दाखवली. एक खाट, एक खिडकी. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत.

"चोनामावशी, तुम्हाला संध्याकाळच्या बसमध्ये बसवून देतो. आणि आई, गावचं घर शनिवारी विकतोय. या गुडघ्यांनी तू तिथे एकटी कशी राहणार?"

चोना दाराजवळ बोचक्यावर बसली होती. बोचक्याची गाठ ती सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

"कुठले गुडघे?" तोमासाने झगा वर केला. "हे? या गुडघ्यांनी मी सगळा देश तुडवलाय, बाळा. आणि एकटी कोण म्हणालं?"

"पण तू येते म्हणाली होतीस ना?"

"मग आले की. दिसत नाही का तुला?"

तिने पोटभर मासे खाल्ले. लेकाला जवळ घेतलं, त्याच्या कपाळाचा मुका घेतला. "घर विकायचं नाही. नाताळला तू ये तिकडे. एकाच बसचं तर काम आहे."

एफ्रेनने आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान डोलावली. लहानपणापासून त्याला ही नजर ओळखीची होती.

चोना जिने उतरली ती सोळा वर्षांच्या पोरीसारखी. बसस्थानकावर तुडुंब गर्दी होती. तिकिटाच्या खिडकीमागे टोपीवाला साहेब बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर गावोगावच्या गाड्यांचा मोठा फलक.

"आपली गाडी कुठली ते विचारून येते," असं म्हणून चोना खिडकीकडे निघाली.

तोमासाने तिची शाल मागून खस्सकन ओढली.

"त्याला नको गं, बावळट! सात महिन्यांत कधी माहीत असलेल्या माणसाला विचारलंय का आपण?"